वाटाड्याच्या नकाशात आमचं घर

मोबाईलच्या नकाशात आपलंही घर दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. लोक चंद्रावर प्लॉट घ्यायच्या गोष्टी करतात. मला बीडमध्येच, माझ्याच प्लॉटवर, माझंच घर दाखवायचं होतं. त्यासाठी माझ्यावर एक नोटीस निघाली, एक चौकशी बसली आणि आमच्या कढीपत्त्याचं झाड गेलं. कढीपत्ता परत फुटेल. बाकीचं सांगतो.

निमित्त झालं बीपी मोजायच्या मशीनचं. माझी बायको पंचशीला आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचं बीपी मोजून ती घरी आली की माझ्याकडं संशयानं बघते. तिनं ते मशीन ऑनलाईन मागवलं. तिसऱ्या दिवशी पार्सलवाल्याचा फोन आला.

"साहेब, मी टाकीपाशी उभा हाय."

"कोणत्या टाकीपाशी?"

"पाण्याच्या."

आमच्या भागात पाण्याच्या दोन टाक्या आहेत. एक नवी, तिच्यात पाणी नाही. एक जुनी, तिच्यातही पाणी नाही. त्यामुळं पाण्यावरून ओळखता येत नाही.

"जुन्या टाकीकडं या. तिथून पुढं लिंबाचं झाड होतं, तिथं डावीकडं वळा."

"होतं म्हंजी?"

"तोडलं ते. पण जागा तीच आहे."

पार्सलवाला म्हणाला, "साहेब, तुमी लोकेशन टाका ना." मी म्हणालो, लोकेशन कसलं, मी तोंडानं सांगतोय ते लोकेशनच आहे. त्यानं फोन ठेवला. मशीन पुढं चार दिवस बीड शहरात हिंडत राहिलं आणि शेवटी मीच बसस्टँडजवळ जाऊन ते ताब्यात घेतलं. घरी आल्यावर पंचशीलानं माझा दंड आवळला, आकडा बघितला आणि म्हणाली, "हे मशीन मागवलं नसतं तर तुमचं बीपी वाढलंच नसतं."

हा सगळा प्रकार शेजारचे अर्जुनराव कंपाउंडवरून बघत होते. अर्जुनराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. माईक गेला, आवाज राहिला. त्यांनी खाजगीत सांगितलेली गोष्टसुद्धा सात नंबरच्या फलाटापर्यंत जाते.

"ओव्हाळ साहेब," ते म्हणाले, "तुमी नकाशात न्हाईत!"

"म्हणजे?"

त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यावर 'वाटाड्या' नावाचं अ‍ॅप होतं. त्यात आमची गल्ली होती. अर्जुनरावांचं घर होतं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला होता. तो पंक्चरवाला वर्षापूर्वी दुकान बंद करून गेला, तरी तो होता. आणि आमच्या घराच्या जागी नुसता राखाडी रंग होता.

"तुमच्या ठिकाणी मोकळी जमीन दाखवतंय," अर्जुनराव म्हणाले. "एखाद्यानं उद्या बळकावली म्हंजी?"

मला ते लागलं. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली. माझ्या नावावर घरपट्टी येते, नळपट्टी येते, विजेचं बिल तर न चुकता येतं. मतदार यादीत मी आहे, तेही दोनदा. आणि या पोरासोरांच्या अ‍ॅपच्या हिशेबानं जालिंदर ओव्हाळ राहतो ती जागा मोकळी? मी त्याच रविवारी सकाळी चहा घेऊन अंगणात बसलो आणि नकाशात घुसायचं ठरवलं.

अ‍ॅपनं आधी ठिकाणाचं नाव विचारलं. मी 'जालिंदर ओव्हाळ' असं पूर्ण लिहिलं. मग त्यानं फोटो मागितला. मी नवा बुशशर्ट घातला, फाटकाशी उभा राहिलो आणि पंचशीलाला फोटो काढायला लावला. फोटो चांगला आला. फक्त कंपाउंडच्या भिंतीवर मागून एक शेळी चढून आली होती आणि ती माझ्यापेक्षा सरळ कॅमेऱ्यात बघत होती. पंचशीला म्हणाली, दुसरा काढू. मी म्हणालो, राहू दे, घर ओळखायला बरं.

ही माझी पहिली चूक. दुसरी चूक चष्म्याची. तो मी शर्ट बदलताना आत ठेवला होता. फोटो टाकल्याबरोबर अ‍ॅपनं बारीक अक्षरांत काहीतरी विचारलं आणि खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं दिली. आता मोबाईलनं काही विचारलं की आपण होय म्हणतो. मी आजवर एकाही अ‍ॅपला नाही म्हटलेलं नाही. माझे संपर्क पाहू का? होय. माझे फोटो पाहू का? होय. तसंच इथं होय दाबलं.

प्रश्न असा होता, हे मला नंतर कळलं: 'फोटोवरून हा पशुवैद्यकीय दवाखाना वाटतो. बरोबर?'

पुढचे प्रश्न मात्र मी चष्मा आणून, नीट वाचून सोडवले.

'हे ठिकाण किती तास सुरू असते?' घर कधी बंद असतं का? चोवीस तास.

'वाहन लावण्यास जागा आहे का?' आहे. समोरचा प्लॉट रिकामाच आहे.

'पिण्याचे पाणी?' आहे, दिवसाआड.

'हे ठिकाण महिला चालवतात का?' मी पंचशीलाकडं पाहिलं. "टाका होय," ती म्हणाली. "एकदा तरी खरं लेखी येऊ द्या."

मला वाटलं, काय बारकाईनं विचारतात! घराची इतकी चौकशी तर गृहकर्ज देतानाही कुणी केली नव्हती.

शेवटी अ‍ॅपनं सांगितलं की ठिकाणाबद्दल परिचितांनी अभिप्राय दिले तर ते नकाशात ठळक दिसेल. हे काम अर्जुनरावांनी अंगावर घेतलं. त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि वर लिहिलं, 'सर्वांनी ओव्हाळ साहेबांना पाच तारे द्यावेत, कारणे विचारू नयेत.' आमच्या कॉलनीतली माणसं फार चांगली. संध्याकाळपर्यंत सत्तावीस जणांनी तारे दिले. पुरुषांनी माझ्याबद्दल लिहिलं: 'मनमिळाऊ स्वभाव.' 'केव्हाही जा, दार उघडेच.' पण बायांनी पंचशीलाबद्दल लिहिलं, आणि तिथं घोळ झाला. 'ताईंच्या हाताला गुण आहे.' 'इंजेक्शन दिलेले कळतसुद्धा नाही.' 'रात्री-बेरात्री धावून येतात.' समोरच्या भिवराबाईंनी तर लिहिलं, 'आमच्या लेकीची दोन्ही बाळंतपणे यांच्याच हातून झाली, कसलाही त्रास नाही.'

सोमवारी सकाळी वाटाड्याच्या नकाशात आमचं घर ठळक दिसू लागलं. मी ऑफिसात चार जणांना दाखवलं. माझं ऑफिस कोणतं ते सांगत नाही, आधीच एक नोटीस झालेली आहे. चौघांनी अभिनंदन केलं. घराच्या नावाशेजारी गाईच्या तोंडाचं एवढंसं चित्र होतं, पण ते कुणी मोठं करून बघितलं नाही. मला ते फूल वाटलं.

मंगळवारी मी दाढी करत असताना फाटकात म्हैस आली.

म्हशीमागं एक तरणा माणूस होता. त्यानं आपलं नाव रामेश्वर सांगितलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

"डाक्टर, दोन दिस झाले, वैरणीला तोंड लावीना."

"कोण डॉक्टर?"

"तुमीच की." त्यानं मोबाईल काढून दाखवला. त्यात मी होतो, बुशशर्टात, शेळीसह. "फोटोत तुमीच हायेत, न्हाई व्हय?"

"मी आहे, पण मी डॉक्टर नाही."

"मंग शेळी कावून संगं घेतली?"

तोंडाला साबण, हातात दोरी, अशा अवस्थेत माणसाचं म्हणणं कुणी मानत नाही. मी त्याला समजावत असताना दोन दिवस वैरणीला तोंड न लावलेल्या म्हशीनं आमच्या कढीपत्त्याला तोंड लावलं आणि झाड बुंध्यापर्यंत संपवलं. रामेश्वरचा चेहरा उजळला. "खाया लागली की!" तो म्हणाला. "लई भारी औषध हाय हो तुमचं!" आणि जाताना पाच तारे देऊन गेला.

मग काय विचारता. बुधवारी दोन शेळ्या आणि एक पोपट आला. गुरुवारी फोन आला, लाळ्या-खुरकुताची लस आली का. मी म्हणालो, राँग नंबर. पलीकडून उत्तर आलं, "राँग नंबर न्हाई, मोबाईलमधूनच लावलाय." मी घराला कुलूप लावून ऑफिसात लवकर जाऊ लागलो. माझा हा नवा वक्तशीरपणा साहेबांच्या नजरेत भरला आणि त्यांनी मला जास्तीचं काम दिलं.

अर्जुनराव म्हणाले, "एवढं धकतंच हाय तर चार औषधं ठिवा की घरात." मी म्हणालो, मला हे काढून टाकायचं आहे. त्यांना वाईट वाटलं. 'बीडमधील पसंतीचे दवाखाने' या यादीत आम्ही तेव्हा दुसऱ्या नंबरवर होतो आणि ते पहिल्याची वाट बघत होते.

काढून टाकण्यासाठी वाटाड्याच्या मदत केंद्राला लिहायचं होतं. तिथं माणूस नव्हता, 'वाटाड्या मित्र' नावाचं यंत्र होतं. त्याच्याशी माझं बोलणं असं झालं.

मी लिहिलं: "माझं घर दवाखाना नाही."

"नमस्कार! आपल्या दवाखान्याबद्दल ऐकून आनंद झाला. मी आपली काय मदत करू?"

"दवाखाना नाहीच आहे. काढून टाका."

"दवाखाना बंद करायचा असल्यास आपण त्याचे मालक आहात हे सिद्ध करा."

"दवाखानाच नाही तर मालक कसा असेल?"

"आपण मालक नसाल तर कृपया दुसऱ्यांचा दवाखाना बंद करण्याचा प्रयत्न करू नका."

मी एकतीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार केला आहे. फायली फिरवण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही असं मला वाटायचं. पण हे उत्तर वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. हा आपल्याच खात्यातला माणूस आहे, फक्त त्याला शरीर नाही.

मालकी सिद्ध करायची पद्धत अशी होती: दवाखान्याचा बोर्ड दिसेल असा चालू व्हिडिओ काढायचा, मालकानं स्वतः किल्लीनं दार उघडायचं, आतला भाग दाखवायचा. म्हणजे दवाखाना नाही हे पटवण्यासाठी आधी दवाखान्याचा बोर्ड लावायचा. मी दोन दिवस विचार केला. तेवढ्यात पोपटवाला परत आला. मग मी पेंटरकडं गेलो.

"एका दिवसापुरता बोर्ड पाहिजे," मी त्याला म्हणालो. "जालिंदर ओव्हाळ, पशुवैद्यकीय दवाखाना."

"एका दिवसापुरता?" पेंटरनं मला खालून वर पाहिलं. "साहेब, एका दिवसात कुनाला बरं करायलेत तुमी?" पण माणूस हौशी निघाला. न सांगता त्यानं एका बाजूला गाय आणि दुसऱ्या बाजूला कोंबडा काढून दिला.

रविवारी दहा वाजता बोर्ड लागला. अर्जुनराव मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला सज्ज झाले. मी तोच बुशशर्ट घालून, किल्ली हातात धरून फाटकाशी आलो. "सुरू!" अर्जुनराव ओरडले. मी दार उघडलं आणि त्याच क्षणी मागं एक छोटा टेम्पो येऊन थांबला.

टेम्पोतून पांढऱ्या पटक्याचा एक म्हातारा उतरला. त्याच्या दोन्ही हातांवर मेंढी होती. मेंढीची मान खाली लोंबत होती.

"डाक्टर सायेब, पहाटपासून अडलीय," तो म्हणाला. "म्या धुळाजी. लिंबागणेशाकडचा हाय. मेंढरं हितं रानात बसिवलीत. भाच्यानं मोबाईलात बगितलं, म्हनला जवळच दवाखाना हाय."

"अहो बाबा, हा दवाखाना नाही."

धुळाजीनं वर बोर्डाकडं पाहिलं. त्याला वाचता येत नसावं, पण गाय आणि कोंबडा त्याला कळले. त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. मोठ्या माणसांच्या दारातून परत जायची सवय असलेल्या माणसाची ती नजर होती. "बरं," तो म्हणाला, "मंग कुटं जाऊ?"

एवढ्यात पंचशीला बाहेर आली. तिनं मेंढीच्या पोटावर हात ठेवला.

"दादा, मी माणसांची नर्स हाय," ती म्हणाली. "जनावराचं मला काही कळत न्हाई. सरकारी दवाखान्यात घेऊन जा, मी पत्ता सांगते."

"तवर ऱ्हाईल का ती, बाई?"

पंचशीलानं मेंढीच्या डोळ्यांत पाहिलं आणि साडीचा पदर खोचला. उपकेंद्रात ती पदर खोचते तेव्हा डॉक्टरसुद्धा बाजूला होतात. "अहो, गरम पाणी. साबण. स्वच्छ चादर. गोडतेल." मी पळालो. चादर म्हणून मी सोफ्यावरचं नवं कव्हर आणलं. ते तिनं तसंच घेतलं, यावरून प्रसंग केवढा होता ते कळावं.

पुढचा पाऊण तास आमच्या अंगणात कुणी मोठ्यानं बोललं नाही. अर्जुनरावसुद्धा नाहीत. धुळाजी मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि तिच्याशी हळूहळू काहीतरी बोलत होता. "एक पाय मागं दुमडलाय," पंचशीला म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "धीर धर गं बाई. धीर धर." ती मेंढीला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही. मग एकदम ओलं, पिवळसर, काडीच्या पायांचं काहीतरी सोफ्याच्या कव्हरवर आलं. ते हललं नाही. पंचशीलानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, कव्हरानं त्याला खसाखसा चोळलं, पुन्हा चोळलं. आणि ते शिंकलं.

मी रडलो असं अर्जुनराव सांगतात. माझ्या डोळ्यांत गोडतेल गेलं होतं.

धुळाजी पंचशीलाच्या पायाला हात लावायला वाकल्यावर तिनं त्याला वरच्या वर धरलं. मग त्यानं खांद्यावरची काळी घोंगडी काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. मी नको नको म्हणत होतो. तो ऐकेना. मी घोंगडी पांघरून, बोर्डाखाली, गाय आणि कोंबडा यांच्या मधोमध उभा राहिलो. आणि अर्जुनरावांनी हे सगळं, अगदी पहिल्यापासून, व्हिडिओत घेतलेलं होतं. 'थांबवा' असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्यांनी तो व्हिडिओ वाटाड्याला पाठवला. एवढ्यावर थांबते तर बरं होतं. कॉलनीच्या ग्रुपवरही टाकला, खाली लिहिलं, 'आपल्या डॉ. ओव्हाळ साहेबांचे यशस्वी ऑपरेशन.' सोमवारी सकाळपर्यंत तो जिल्हाभर हिंडून आमच्या ऑफिसात पोचला. ज्या शहरात माझं बीपीचं मशीन चार दिवस भटकलं, त्याच शहरात हा व्हिडिओ एका रात्रीत बरोबर टेबलावर पोचला.

आमचे साहेब विजयसिंह. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ओव्हाळ, निवृत्तीला किती राहिलं?"

"अकरा महिने, साहेब."

"मग एवढी घाई काय होती?" त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. घोंगडीत मी फार रुबाबदार दिसत होतो. "सरकारी नोकरीत असताना खाजगी दवाखाना? वरून विचारणा झाली आहे. कारणे दाखवा नोटीस काढावी लागेल."

"काढतो, साहेब," मी सवयीनं म्हणालो.

कारण आमच्या ऑफिसात कारणे दाखवा नोटिसांचं टेबल माझंच आहे. एकतीस वर्षांत मी शेकडो नोटिसा काढल्या असतील. जागेवर येऊन बसलो, कागद ओढला आणि लिहिलं: 'आपण शासकीय सेवेत कार्यरत असताना सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता राहत्या घरी पशुवैद्यकीय व्यवसाय केला, तसेच सदर उपचाराच्या मोबदल्यात एक घोंगडी स्वीकारली, सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये...' मसुदा इतका चांगला उतरला की साहेबांनी एकही दुरुस्ती केली नाही. मी नोटिशीला जावक क्रमांक दिला, ती मला बजावली आणि माझ्याकडून पोच घेतली.

संध्याकाळी खुलासा लिहायला बसलो, तेव्हा खरा घाम फुटला. माझाच मसुदा, त्यात एकही फट नाही. कुठूनही शिरायला जावं तर मी आधीच तिथं बूच मारून ठेवलेलं. पंचशीला म्हणाली, "सरळ खरं लिहा." मी म्हणालो, खरं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही; शेळी भिंतीवर चढली म्हणून मी डॉक्टर झालो, असं खुलाशात लिहिता येतं का?

चौकशीसाठी पशुसंवर्धनातल्या डॉक्टर मनिषा मॅडम घरी आल्या. तरुण बाई, बोलायला मोजक्या. त्यांनी कपाटं उघडून पाहिली, फ्रीज पाहिला. औषध म्हणून फक्त माझ्या बीपीच्या गोळ्या सापडल्या. साक्षीला धुळाजीला बोलावलं होतं. तो मेंढी, कोकरू आणि भाचा असा सगळा कुटुंबकबिला घेऊन आला.

"बाबा, उपचार कोणी केले?" मॅडमनी विचारलं.

"डाक्टर सायबानीच," धुळाजी मला वाचवायच्या इराद्यानं छातीठोकपणे म्हणाला. "लई शिकलेले हायेत. नुसतं उबं ऱ्हायले अन् मेंढी मोकळी झाली."

मी डोळे मिटून घेतले. आता अकरा महिने काही टिकत नाहीत, पेन्शनही गेली, असं वाटलं. पंचशीला पुढं झाली. "मॅडम, हात माझे होते," ती म्हणाली. "यांनी फक्त पाणी तापवलं, तेही उकळलं न्हाई. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." आणि पाय कसा दुमडला होता, कोकराला आधी मागं सारून मग तो कसा सोडवला, हे तिनं हातानं करून दाखवलं. मनिषा मॅडम ऐकत राहिल्या. वही मिटून त्या कोकरापाशी बसल्या, त्याचे सांधे चाचपले. "माझ्या हातूनसुद्धा असली दोन गेली आहेत, ताई," त्या हळूच म्हणाल्या.

मग उठल्या आणि माझ्याकडं वळल्या. "तुमची मात्र परीक्षा घ्यावी लागेल. समोर बघा. ते काय आहे?"

भिंतीपाशी एक जनावर उभं होतं. मी चष्मा पुसला. इतक्या दिवसांत मी बरंच शिकलो होतो. "मेंढी," मी आत्मविश्वासानं सांगितलं.

धुळाजी पोट धरून हसला. त्याचा भाचा हसला. अर्जुनराव भिंतीपलीकडून हसले. ती शेळी होती; फोटोतलीच.

मॅडमनी अहवालात लिहिलं: 'सदर लिपिकास शेळी व मेंढी यांतील फरक सांगता आला नाही. सबब त्यांनी पशुवैद्यकीय व्यवसाय केला असणे संभवत नाही. श्रीमती ओव्हाळ यांनी केवळ माणुसकीच्या नात्याने, तातडीच्या प्रसंगी व कोणताही मोबदला न घेता मदत केली.' घोंगडी ही 'मायेची भेट' ठरली. अहवाल फायलीला मलाच लावावा लागला. माझ्या अडाणीपणाची सरकारी नोंद मी स्वतःच्या हातानं क्रमांक घालून जतन केली आहे. नोकरी वाचली. अब्रूचं काय झालं, हे अहवालात नाही.

आठवड्याभरानं वाटाड्यालाही आमची मालकी पटली. व्हिडिओतला बोर्ड आणि बाळंतपण पाहून त्यांची पूर्ण खात्री झाली. मग मी ठिकाण बंद करण्याचा अर्ज केला, आणि तो शनिवारी मंजूर झाला. मी सुटकेचा श्वास टाकला, फोन बंद करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलाबरोबर भाजी आणायला गेलो. किती तरी दिवसांनी घराला निर्धास्त कुलूप लावलं.

परत आलो तर फाटकाबाहेर गर्दी. पन्नासेक माणसं. कॉलनीतले सगळे, ऑफिसातले चौघे, मांजरसुंब्याहून माझा चुलतभाऊ जीवन पांढरे कपडे घालून आलेला. रामेश्वर होता. धुळाजी कोकराला छातीशी धरून पायरीवर बसला होता आणि पटक्यानं डोळे पुसत होता. झालं होतं असं, की ज्यांनी ज्यांनी मला तारे दिले होते, त्या सगळ्यांना वाटाड्यानं सकाळी निरोप पाठवला होता: 'आपले आवडते जालिंदर ओव्हाळ कायमचे बंद झाले आहेत.' त्यांनी फोन लावला तर फोनही बंद. येऊन पाहिलं तर घराला कुलूप.

मधोमध अर्जुनराव उभे राहून बोलत होते. माईकची गरज नव्हती.

"ओव्हाळ साहेब गेले! असा शेजारी पुन्हा व्हणार न्हाई. कधी मोठ्यानं बोलले न्हाईत. कुणाचं काम अडवलं न्हाई. माणूस म्हना, जनावर म्हना, दारात आलेल्याला त्यांनी परत पाठवलं न्हाई!"

पंचशीला पुढं निघाली. मी तिचा हात धरला. "थांब गं. दोन मिनिटं थांब."

"अहो, लोक रडायलेत."

"बोलू दे त्याला. एकतीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं कुणी बोललेलं नाही."

ऑफिसातल्या एकानं हुंदका दिला. हा माणूस माझ्याशी वर्षभर खुर्चीवरून भांडत होता. अर्जुनरावांनी दोन मिनिटं मौन पाळायची सूचना केली. सगळे उठून उभे राहिले, माना खाली घातल्या. भाजीची पिशवी हातात घेऊन मीही मान खाली घातली. मौन कुणाचंही असो, मोडणं बरं दिसत नाही.

मोडलं ते कोकरानं. त्यानं पंचशीलाला पाहिलं, धुळाजीच्या हातातून उडी मारली आणि ओरडत गर्दीतून वाट काढत थेट तिच्या पायाशी आलं. पन्नास माना वळल्या. धुळाजी "डाक्टर!" म्हणून धावत येऊन माझ्या गळ्यात पडला. जीवन तिथंच खाली बसला. भिवराबाईंनी मला चिमटा काढून पाहिला.

अर्जुनराव तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला, पडद्यावर बोट फिरवलं, पुन्हा माझ्याकडं निरखून पाहिलं आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "पण यात तर अजून बंदच दाखवतंय."